सात फूट तीन इंच

माझ्या घडण्यात सर्वांत मोठा हात कोणाचा, असं कोणी विचारलं तर मी आजवर एकच नाव सांगत आलो आहे: खैरनार सर. आईवडिलांच्याही आधी मी त्यांचं नाव घेतो, आणि आईला त्याचं वाईट वाटत नाही. घरी कोणी पाहुणा आला की तीच सांगते, "सरांनी याला मोजाया शिकवलं, म्हनून ह्यो नाशकात हाय. नायतर आमच्यावानी डोंगरातच ऱ्हाता."

आईचं म्हणणं अगदी शब्दशः खरं आहे. सातपूरला एका लहानशा मोजणी कार्यालयात मी काम करतो. कारखान्याची शेड बांधायची असली, प्लॉटची हद्द ठरवायची असली की यंत्र आणि तिकाटणं घेऊन आम्ही जातो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि मी कॉलेजात गेलो तो भूगोल शिकायला. तो विषय मला सरांनी लावला.

सरांवर लिहायचं बरेच दिवस मनात होतं. त्यांची पंचाहत्तरी आहे. आम्ही माजी विद्यार्थी नाशकात त्यांचा सत्कार करणार आहोत आणि मुख्य भाषण माझं ठरलं होतं. त्यासाठी मी टिपणं काढली होती. महिन्यापूर्वी हा लेख लिहिला असता तर त्या टिपणांवरच झाला असता. आता तो तसा होणार नाही. पण टिपणांतलं एकही वाक्य खोटं नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

सर मूळचे सटाण्याकडचे. हरसूलच्या डोंगरातल्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायला आले तेव्हा पन्नाशीच्या आसपास होते. उंच, खांद्यात किंचित वाकलेले. शर्टाच्या खिशात खडू आणि खांद्याला खाकी पिशवी. पिशवीत टेप, पेन्सिली, सुई-दोरा आणि नकाशे बांधायला सायकलच्या ट्यूबचे कापलेले रबर. वर्गात ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत, पण एखाद्याने फळ्यावर नदी डोंगर चढताना काढली की त्यांची अहिराणी बाहेर यायची. "हाई काय शे?" एवढंच ते हळू आवाजात विचारायचे. त्यांचा आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. तेवढ्या प्रश्नाने मुलगा नदी पुसून टाकायचा.

उजवीकडे, डावीकडे हे शब्द त्यांना चालत नसत. "उजवं-डावं तू वळलास की बदलतं," ते म्हणायचे, "पूर्व बदलत नाही." सहलीला डबे उघडले की मीठ कोणाच्या तरी ईशान्येला असायचं आणि लोणचं पश्चिमेला. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, एकदा आम्हाला म्हणाल्या, "लग्न झाल्यावर पहिले सहा महिने मला या घरात चहाची पूड सापडत नव्हती. हे सांगायचे, नैऋत्येच्या फळीवर आहे."

त्यांच्या हाताची वीत बरोबर नऊ इंचांची होती. ते कुठेही बसले की वीत आपोआप फिरायला लागायची: बाकावर, टेबलाच्या कडेवर, कोणाच्या अंगणातल्या खाटेवर. आणि कोणीही काहीही सांगितलं की त्यांचा प्रश्न ठरलेला असायचा, "मोजलं का?" शाळेचा शिपाई सोनूमामा एकदा धापा टाकत आला. म्हणाला, "सर, संडासामागं साप हाय. येवढा."

"मोजला का?"

"मोजाया गेलतो, पर त्यो थांबला नाय."

सर हसले, आणि मग काठी घेऊन सोनूमामाच्या आधी निघाले.

मी सातवीत होतो. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला विचारलं, घर किती लांब? मी म्हणालो, "लय लांब." सगळे हसले. सर हसले नाहीत. म्हणाले, "लय म्हणजे किती ते उद्या सांग." मग त्यांनी रीत सांगितली. एका खिशात चिंचोके भरायचे. शंभर पावलं झाली की एक चिंचोका दुसऱ्या खिशात टाकायचा. घरी पोचलं की तो दुसरा खिसा मोजायचा. शंभराच्या पुढे ज्याला आकडे नीट येत नव्हते त्यालाही हे जमत होतं.

दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, सदतीस. तिसऱ्या दिवशी एकतीस. चौथ्या दिवशी सव्वीस.

"रामदास," सर म्हणाले, "तुझा करवंदपाडा रोज माझ्या शाळेकडे सरकतोय का?"

वर्ग खिदळला. सरांनी मला जवळ बोलावून तो दुसरा खिसा उलटा केला. खाली भोक होतं, आणि रोज थोडं थोडं वाढत होतं. मला वाटलं आता छडी बसणार. त्यांनी पिशवीतली सुई काढली, मला टेबलाशी उभं केलं आणि चड्डी अंगावर असतानाच खिसा शिवला. शिवताना फळ्यावरचा पाठ तोंडाने चालूच होता. पाचव्या दिवशी बावन्न चिंचोके भरले. पाच हजार दोनशे पावलं. तो आकडा मला माझ्या जन्मतारखेपेक्षा जास्त पाठ आहे.

या चिंचोक्यांतूनच पुढे नकाशा झाला. सगळ्या मुलांची अंतरं जमा झाल्यावर सरांनी आमच्या परिसराचा नकाशा काढायला घेतला. आमचं खोरं उभं आणि अरुंद, मधून ओहोळ. त्यामुळे नकाशाही लांबट व्हायला लागला. एक इंचाला दोनशे पावलं. ड्रॉइंग पेपर एकाखाली एक खळीने मांजरपाटावर चिकटवले होते. रुंदी पावणेदोन फूट, लांबी सहा फूट. आपलं घर ज्याने त्याने काढायचं आणि घरापासून शाळेपर्यंतची वाट तांबड्या ठिपक्यांनी दाखवायची. पंधरा दिवस वर्गाच्या फरशीवर पालथं पडून आम्ही तेच करत होतो.

माझी पाळी आली तेव्हा कागद संपला होता. आमचा पाडा सर्वांत दक्षिणेला. शाळेपासून सव्वीस इंच मोजले तर बोट फरशीवर जात होतं. मी आणि मंदा, आम्ही दोघंच करवंदपाड्याचे. आम्ही कडेला उभे राहिलो. हेडमास्तर पाहायला आले होते. ते म्हणाले, "खाली एक बाण काढा आणि लिहा, करवंदपाड्याकडे. भिंतीवरच्या फलकाची चौकट सहा फुटांची आहे, नकाशा तेवढ्यातच बसला पाहिजे."

सर म्हणाले, "चौकट नकाशासाठी शोधायची असते, सर. बाणात कोणी राहत नाही."

मग त्यांनी आणखी एक कागद घेतला आणि खाली सव्वा फुटाचा जोड लावला. त्या जोडावर मी आमचं घर काढलं. मंदाने तिचं काढलं, आणि दोघांनी मिळून मधला पाण्याचा झिरा आणि एक आंब्याचं झाड. पूर्ण झालेला नकाशा सात फूट तीन इंच भरला. फलकावर तो मावला नाही. सरांनी वर-खाली बांबू लावून तो भिंतीवर टांगला. प्रजासत्ताक दिनाला पालक आले. माझी आई तोवर शाळेत कधी आली नव्हती. मी तिला घर दाखवलं. तिने बोट ठेवलं आणि लगेच उचललं, जणू कागद दुखेल. "आपलं घर सरकारात गेलं का रं?" तिने विचारलं. मागे उभे असलेले सर म्हणाले, "नाही आई, शाळेत आलं."

दहावीनंतर वडील मला पाठवायला तयार नव्हते. सर चालत पाड्यावर आले, चिंचोके मोजत. अंगणातल्या खाटेवर बसले, वीत फिरवली आणि म्हणाले, "तुमच्या पोराचं माप बरोबर होतं. माझे पंचेचाळीस भरले, माझ्या टांगा लांब आहेत."

वडील म्हणाले, "मोजून काय करल तो सर? जमीन हाय तेवढीच ऱ्हानार."

"जमीन तेवढीच राहील," सर म्हणाले. "पोरगं मोठं होईल."

वडील उठून दाराशी गेले. मग आईला म्हणाले, "च्या टाक." आमच्या घरात होकार असाच दिला जातो. नाशकात माझ्या राहण्याची सोय सरांनीच लावून दिली.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना सरांचा निरोप आला. आमचा नकाशा नाशकातल्या एका शैक्षणिक प्रदर्शनात पहिला आला होता आणि सरांचा गौरव होणार होता. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो, शेवटच्या रांगेत बसलो. स्टेजवर मागच्या पडद्याला नकाशा टांगलेला, सोनेरी चौकटीत. दिव्यांचा उजेड काचेवर पडल्यामुळे आतलं फारसं दिसत नव्हतं. सरांनी भाषणात जोडाची गोष्ट सांगितली. दोन मुलं कागदाच्या बाहेर राहिली होती, हेडमास्तर बाण काढा म्हणत होते, आणि आपण त्यांना सांगितलं की बाणात कोणी राहत नाही. सभागृहात टाळ्या वाजल्या. मग त्यांनी हात वर करून मला बोलावलं. "हाच तो करवंदपाड्याचा रामदास." मी स्टेजवर उभा राहिलो, नकाशापासून दोन हातांवर, नकाशाकडे पाठ करून. माझे डोळे भरून आले होते. कोणीतरी फोटो काढला. तो फोटो मी अठरा वर्षं घरात लावला आहे.

त्या दिवशी मी मोजलं नाही.

पुढे ही गोष्ट सरांनी पुष्कळ ठिकाणी सांगितली. मीही सांगितली. बायकोला बघायला गेलो तेव्हा सांगितली, मुलीला निजवताना सांगितली, कार्यालयात नवीन माणूस आला की त्याला सांगितली.

गेल्या महिन्यात शाळेच्या आत्ताच्या मुख्याध्यापकांचा फोन आला. भूगोलाच्या खोलीचं छत गळत होतं, नकाशाची काच फुटली होती. तुम्ही सत्कार करताच आहात तर नकाशाला नवी चौकट करून सरांनाच भेट द्या, असं त्यांचं म्हणणं. याहून चांगली भेट मला सुचली नसती. मी लगेच हो म्हणालो आणि भद्रकालीच्या मागच्या गल्लीत युसूफभाईंकडे गेलो.

युसूफभाईंचं दुकान म्हणजे सहा फूट रुंदीचा बोळ. भिंतीला चौकटीच्या पट्ट्यांचे कोपरे खिळ्यांना टांगलेले, खाली देवांच्या तसबिरी. सत्तरीचा माणूस, पण कागद हातात घेतला की हात हलत नाही. मी माप सांगितलं.

"सात फूट तीन इंच?" ते म्हणाले. "साहेब, आपल्याकडे देव बारा बाय अठरा, आजोबा दहा बाय बारा, आणि शाल-नारळाचा सत्कार आठ बाय दहा. हे तर दरवाजाचं माप झालं. भिंतीला लावायचंय की चौकटीला?"

"नकाशा आहे. हाताने काढलेला."

"मग दोन तुकड्यांत करू? वरचा वेगळा, खालचा वेगळा. शेजारी शेजारी लावा, छान दिसतो."

"तुकडे नाही करायचे."

"बरं बाबा, नाही करायचे. पण काच नाही लावणार मी. एवढी लांब काच भिंतीवर गेली ना, की झोप तुमची नाही, माझी जाते. अ‍ॅक्रिलिक घ्या. हलकं असतं, फुटत नाही."

पट्टीवरून आमचा अर्धा तास गेला. त्यांनी सोनेरी नक्षीची पट्टी पुढे केली. "सत्कार आहे ना? चमकलं पाहिजे." मी साधी सागवानी रंगाची निवडली. नकाशाला दागिने घालू नयेत, असं सर म्हणायचे. युसूफभाईंनी ती पट्टी उजेडात धरली, लांबून पाहिली आणि म्हणाले, "मास्तर लोकांचं असंच असतं." तरीही त्यांनी माझा फोन नंबर लिहून घेतला, पट्टी मापाने कापून ठेवतो म्हणाले आणि अ‍ॅक्रिलिक मागवलं.

पुढच्या आठवड्यात मी हरसूलला जाऊन नकाशा टेम्पोतून आणला. शाळेच्या शिपायाने तो जुन्या पडद्यांत गुंडाळूनच ठेवला होता. टेम्पोत आडवा टाकला तेव्हा तो सहज मावला, याचंही मला काही वाटलं नाही. माप मला पाठ होतं.

दुकानाच्या फरशीवर आम्ही पडदे सोडले. युसूफभाईंनी टेप लावला, पुन्हा लावला, आणि चष्मा डोक्यावर सरकवून माझ्याकडे पाहिलं.

"साहेब, हा सहा फूट आहे."

"नाही, सात फूट तीन इंच."

"मग तुम्ही मोजा."

मी मोजला. माझा स्वतःचा टेप काढून मोजला. सहा फूट. मग मी खालच्या कडेला वाकलो. ओहोळ होता, टेकडी होती, टेकडीला वळसा घालून खाली उतरणारे तांबडे ठिपके होते. ते ठिपके माझे होते. कागदाच्या कडेला ते संपत होते, आणि तिथे निळ्या शाईने एक छोटा बाण काढलेला होता. बाणापुढे लिहिलं होतं, करवंदपाड्याकडे.

अक्षर सरांचं होतं.

"दुमडून आत घातला असेल," मी म्हणालो.

युसूफभाईंनी मागचे खिळे उपसले, पुठ्ठा काढला आणि नकाशा उलटा केला. काही दुमडलेलं नव्हतं. मांजरपाटाची खालची कड ब्लेडने कापलेली, अगदी सरळ. कडेलगत पेन्सिलीची रेघ होती आणि रेघेच्या दोन्ही टोकांना बारीक फुल्या. रेघ कुठे सुरू झाली आणि कुठे संपली ते कळण्यासाठी टोकांना फुल्या मारायच्या, हे सरांनीच आम्हाला शिकवलं होतं. मी आजही साइटवर तशाच मारतो. रेघेच्या वर त्याच अक्षरात लिहिलं होतं: येथून कापावे.

"कारागीर चांगला होता," युसूफभाई हळूच म्हणाले. "रेघ सोडली नाही."

मी फरशीवर बसलो. त्यांनी मला बसू दिलं. एक बाई गणपतीची तसबीर घ्यायला आली, तिला त्यांनी तिथूनच सांगितलं, "थोड्या वेळाने या ताई." मग माझ्या शेजारी उकिडवं बसून त्यांनी विचारलं, "पट्टी कापून ठेवलीये सात-तीनची. आखूड करू का? सहाला मस्त बसेल. कोणाला कळणारसुद्धा नाही."

मला वाटतं, त्या क्षणी मी हो म्हणालो असतो तर पुढचं सगळं सोपं झालं असतं. सत्कार नीट पार पडला असता, भाषण झालं असतं. मी नकाशाच्या त्या कडेकडे बघत राहिलो.

"नको," मी म्हणालो. "पट्टी आहे तेवढीच राहू द्या."

"आणि खाली? सव्वा फूट काय भरू?"

"काही नाही. कोरं कापड लावा."

त्यांनी कापलेली पट्टी पुन्हा भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "मांजरपाटच लावतो. रंग जुळेल."

घरी आल्यावर मी भिंतीवरचा फोटो काढून खिडकीशी नेला. माझ्या कोपरामागे नकाशाची खालची कड दिसत होती, आणि तिथे एक निळा ठिपका. अठरा वर्षं मी तो काचेवरचा डाग समजत होतो.

दोन दिवसांनी मी सरांकडे गेलो. निवृत्तीनंतर ते नाशकातच राहतात, गंगापूर रोडच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. दुपारची वेळ होती. ते गॅलरीत बसले होते, गुडघ्यांवर पंचा. फार थकले आहेत आता. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला, नेहमीसारखाच.

"ये. पूर्वेची खुर्ची घे, तिकडे ऊन नाही."

"बस रे कुठेही," काकू आतून म्हणाल्या. "त्यांचं ऐकलंस तर चहासुद्धा होकायंत्र बघून प्यावा लागेल."

मी पूर्वेच्या खुर्चीवर बसलो. सरांनी मुलीची चौकशी केली, कार्यालयाची केली, कोणतं नवीन यंत्र आलं ते विचारलं. मग म्हणाले, "मुख्याध्यापकांचा फोन आला होता. चौकट करायला टाकलीस म्हणे."

"हो सर."

"पट्टी कोणती?"

"साधी. सागवानी."

"छान. आणि माप?"

"सात फूट तीन इंच."

काकू चहाचे कप ठेवून आत गेल्या. सर कपाकडे बघत राहिले. त्यांचा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. इतक्या वर्षांच्या सवयीने मी वीत फिरायची वाट पाहिली. ती फिरली नाही. मूठ मिटलेली राहिली.

"प्रदर्शनाला सहा फुटांची मर्यादा होती, रामदास," ते म्हणाले.

मी काहीच विचारलं नव्हतं.

"आपण पहिले आलो म्हणून शाळेला भूगोलाची खोली मिळाली. चाळीस पोरं बसतात तिथे. दोन घरं आणि एक झिरा." मग ते म्हणाले, "जोड तसाही नंतरचा होता."

खाली रस्त्यावरून कोणी भाजीची गाडी ढकलत चालला होता, त्याची हाळी वर येत होती. जोड कुठे आहे, एवढंच मला विचारायचं होतं. ते मला जमलं नाही. ज्यांनी माझा खिसा शिवला त्यांना प्रश्न विचारायची मला सवय नाही, एवढंच कारण मी सांगू शकतो.

"असेल कुठेतरी," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "शाळेत असेल." मग एकदम आवाज बदलून, "भाषण झालं का तयार?"

"करतोय सर."

मी पाया पडलो. त्यांनी डोक्यावर हात ठेवला. तो हात तोच होता. खाली येऊन मी गाडी काढली आणि वर पाहिलं. सर कठड्याला धरून उभे होते. वरूनच म्हणाले, "उजवीकडून जा. डावीकडे रस्ता खणलाय."

वाट सांगताना त्यांच्या तोंडून ते दोन शब्द मी पहिल्यांदाच ऐकले. मी हात हलवला आणि उजवीकडून निघालो.

त्यानंतर मी त्यांना पाठवलेलं पत्र खाली देतो. त्याची एक प्रत मी ठेवली होती.

आदरणीय सर,

साष्टांग नमस्कार.

त्या दिवशी गॅलरीत मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितो आहे.

चौकट तयार झाली. सात फूट तीन इंचांचीच केली. खालच्या सव्वा फुटात कोरं मांजरपाट ताणून लावलं आहे. त्यावर मला सगळं पुन्हा काढता आलं असतं, आता माझ्याकडे चांगली यंत्रं आहेत. पण मी काढलेलं नाही आणि काढणार नाही.

सत्काराला मी येईन आणि मागच्या रांगेत बसेन. नकाशा आणणार नाही. भाषण दुसऱ्या कोणाकडे द्यायला सांगितलं आहे. कारण कोणालाही सांगितलेलं नाही, मंदालाही नाही. ती सातपूरलाच पॅकिंगच्या कामाला आहे. कधी भेटली की अजून विचारते, आपला नकाशा आहे ना रे शाळेत? यापुढे तिला काय सांगायचं ते मला ठरवता येत नाही.

कापल्याचं मला जेवढं वाटलं तेवढं मी सोसू शकतो. चाळीस मुलांची खोली मलाही दिसते. तुम्ही आम्हा दोघांना बोलावून सांगितलं असतं की सहा फुटांत बसवायचं आहे, तर ब्लेड मीच आणून दिलं असतं. पण कापून झाल्यावर तुम्ही त्याच जोडाची गोष्ट सांगितलीत, आणि मला शेजारी उभं करून सांगितलीत. मी ती अठरा वर्षं पुढे सांगत आलो. माझ्या मुलीला ती पाठ आहे. ती तिच्याकडून परत कशी घ्यायची, हे तुम्ही मला शिकवलेलं नाही.

मागच्या रविवारी गावी गेलो होतो. शाळेपासून घरापर्यंत पुन्हा चाललो, चिंचोके घेऊन. चौरेचाळीस भरले. आता टांगा माझ्याही लांब झाल्या आहेत. अंतर तेवढंच आहे.

येताना आई सोबत आली. नकाशा आमच्या बाहेरच्या खोलीत लावला आहे. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. तिचा चष्मा गावीच राहिला होता. तिने शाळेवर बोट ठेवलं, तिथून ठिपक्यांवरून हळूहळू खाली आली, बाण ओलांडला आणि कोऱ्या कापडावर थांबली. म्हणाली, "हितं हाय आपलं घर. पुसाट झालंय जरा." ती आत गेल्यावर मी मोजलं. बोटाचा ठसा उमटला होता तिथपर्यंत शाळेपासून सव्वीस इंच भरले.

सर, जोड तुमच्याकडे असेल तर पाठवा. फाटला असेल, वाळवी लागली असेल तरी चालेल. टाकून दिला असेल तर तसं एका ओळीत कळवा. शाळेत असेल, असं मात्र लिहू नका. शाळेत मी शोधून आलो आहे.

काकूंना नमस्कार. गुडघ्यांना जपा.

आपला विद्यार्थी,
रामदास
करवंदपाडा, शाळेच्या दक्षिणेस सव्वीस इंच